शेणखतातले भाऊबंद

पुणे,
२० जुलै २०२५

ती. भिलाकाकांस,
रुपाचा साष्टांग नमस्कार.

फोन केला असता, पण तुमचा फोन सात वर्षांपासून विहिरीच्या तळाशी आहे. तुमच्या योगेंद्रच्या फोनवर निरोप द्यावा तर तुम्ही म्हणता, "जे कागदावर नाही ते मी ऐकत नाही." म्हणून हा कागद.

माझं लग्न ठरलं, माघात. काकूने तुम्हाला हे सांगितलंच असेल आणि तुम्ही ऐकलं नसेल. आता कागदावर आलं. मला तुम्ही मांडवात हवे आहात. शाळेची सगळी वर्षं मी तुमच्या घरी राहिले, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेले. तुमच्याशिवाय मी मंगलाष्टकांना उभी राहणार नाही, हे मी पप्पांनाही सांगून टाकलंय. ते म्हणाले, "मग तू उभीच राहू नकोस, कारण तो येत नाही."

तुमची अट मी तुमच्याच शब्दांत लिहून काढते, म्हणजे नंतर फिरवाफिरव नको. "श्रावणातल्या कानबाईचा गोड रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. माझ्या भावाने, हेमकांतने, तो आपल्या दोस्ताला, सुभाषचंद शेठला खाऊ घातला. त्या वर्षापासून आपल्या वावरातला हरभरा मरतोय. ज्या वर्षी हरभरा उभा राहील, त्या वर्षी मी हेमकांतच्या दारात पाय ठेवीन." बरोबर ना?

काका, हरभरा मरतो तो मर रोगाने, आणि मर रोग येतो जमिनीतल्या बुरशीने. शेठना विनाकारण आरोपी केलंय तुम्ही. पण मी वाद घालत नाही. मी हरभराच उभा करून दाखवते. सोबत एक पुडकं पाठवतेय. आमच्या प्रयोगशाळेत मी याच्यावरच काम करते. यात चांगले जीवाणू आहेत, मातीतलेच, जिवंत. लिंबाखाली सावलीत शेणखताचा ढीग करा, त्यात हे मिसळा, गोणपाट ओलं करून झाका. पेरणीपर्यंत ते वाढतील. मग खत वावरात टाकायचं आणि बियाण्यालाही चोळायचं.

आणखी एक. लग्न झालं की मी दुसऱ्या घरची, म्हणजे आपल्या घरचा रोट मला चालणार नाही. यंदाचा श्रावण माझा शेवटचा. पप्पा येऊ देत नाहीत आणि तुम्ही बोलावत नाही. असो.

तुमची,
रुपा


कोरीट,
२७ जुलै २०२५

चि. रुपा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पुडकं मिळालं. पोस्टमनने पुडकं हलवून विचारलं, "काय शे यामा?" मी म्हणालो, जिवंत जंतू. तो पुडकं ओट्यावर ठेवून पळाला. त्याचं पेन माझ्या हातातच राहिलं, त्यानेच हे लिहितो आहे.

लग्नाचं वाचून आनंद झाला. मुलाला वावर आहे की नुसता पगारच आहे, ते कळव.

अट तू बरोबर उतरवली आहेस. फक्त एक खुलासा. उभा म्हणजे उभा. वाकलेला, लोळलेला, निम्मा पिवळा पडलेला धरला जाणार नाही. योगेंद्रला त्या वावरात पपई लावायची आहे. यंदा हरभरा गेला तर मी वावर त्याच्या हवाली करणार आहे. मग हरभराही नाही, अटही नाही, आणि मी नाशिकला हेमकांतच्या दारात येण्याचा प्रश्नच मिटला.

तुझ्या सांगण्याप्रमाणे लिंबाखाली ढीग केला आहे. माझ्या दोन शंका आहेत. एक, तू लिहितेस की हे जीवाणू बुरशीला मारतात. मारून तिचं काय करतात? खात असतील तर तो मांसाहार झाला. श्रावण लागला आहे. या घरात श्रावणात कांदासुद्धा चिरत नाहीत, आणि माझ्या दारात अंगणभर पंगत बसवलीस तू. दुसरी शंका, मी चष्मा लावून पाहिलं तर नुसती करडी भुकटी दिसली. ते आत आहेत की बाहेर गेलेत, हे कसं ओळखायचं?

तुझी काकू विचारते, त्यांना जेवायला काय लागतं. ही बाई चोरालाही आधी तेच विचारेल.

तुझा काका,
भिला


पुणे,
१ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
सा. न.

तुमच्या पाहुण्यांचा श्रावण मोडत नाही. ते बुरशीला चावत नाहीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे ते मुळांभोवती आधीच जागा धरून बसतात. बुरशी येते तेव्हा तिला टेकायला जागा नसते. शिवाय ते अंगातून असं काही सोडतात की तिची वाढच खुंटते. हिंसा आहे, पण उपवासाला चालेल इतपत.

ते आतच आहेत. जात नाहीत कुठे. एका चिमटीत कोट्यवधी असतात.

काकूला सांगा, थोडा गूळ आणि थोडं बेसन पाण्यात कालवून ढिगावर शिंपड. ते नसेल तर घरात जे काही गोड, पिठाचं असेल ते चालेल. घरचेच समजा त्यांना, म्हणजे उपाशी राहणार नाहीत.

तुमची,
रुपा


कोरीट,
११ ऑगस्ट २०२५

चि. रुपा,
आशीर्वाद.

घात झाला. आणि तो तुझ्या पत्रामुळे झाला, हे आधी लिहितो.

आपल्या घरी रोटाला माणसागणिक सव्वा मूठ गहू मापतात, हे तुला ठाऊक आहे. तुझी काकू अजून तुमच्या घराच्या मुठीही मापते. मी दरवर्षी सांगतो, ते येणार नाहीत. ती म्हणते, "त्या नाशिकले ऱ्हावोत नही तं लंडनले, मोजाना आठेच." रोट पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो. टाकायचा नाही, ढोरांना घालायचा नाही, परक्याला द्यायचा नाही. म्हणजे सात वर्षं तुमच्या वाटणीचा रोट कोणी खाल्ला? मी. दर श्रावणात माझं पोट दुखतं ते उगाच नाही.

यंदा डॉक्टरने गोड बंद केलं. कानबाई बसली, मिरवली, पाण्यात गेली. तुमच्या वाटणीचे रोट टोपलीत तसेच. पौर्णिमा तोंडावर आली. योगेंद्र दोन खाऊन आडवा झाला. तेव्हा तुझ्या काकूला तुझं पत्र आठवलं, "गोड, पिठाचं जे असेल ते चालेल." तिने सगळे रोट कुस्करले आणि ढिगात कालवले. मला कळलं तोवर ढीग पुन्हा झाकून झाला होता.

रुपा, सात वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने रोट खाल्ला तर हरभरा गेला. आता कोट्यवधींनी खाल्ला. आता काय तापी आटायची?

दोन दिवस मी ओट्यावर बसून विचार केला. परके असतील तर अनर्थ आहे. म्हणजे अनर्थ टाळायचा तर ते परके नसले पाहिजेत. तुझं पत्र पुन्हा काढलं. "घरचेच समजा त्यांना." हे तू कागदावर लिहून दिलेलं आहेस. मग मी नारळ फोडला, ढिगाला टिळा लावला आणि गावातल्या चार जाणत्यांसमोर सांगितलं की आजपासून हे कोरीटचे पाटील, आपले भाऊबंद. शेजारचा उखा म्हणाला, "भिलाभाऊ, मतदार यादीमा भी टाकी दे." त्याला चहा दिला नाही.

योगेंद्र हसला. त्याला ढिगाच्या पाया पडायला लावलं. यात मोठा कोण अन् धाकटा कोण ते कळायला मार्ग नाही, म्हणून सगळ्यांनाच मोठं धरलं आहे.

तुझा काका,
भिला


पुणे,
१८ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि इतकी हसले की मॅडमने हातातली काचेची ताटली काढून घेतली. रोटाने जीवाणूंचं काही बिघडत नाही, गूळ आणि पीठच ते. झालं ते छान झालं. माझ्या वाटणीचा रोट कोणीतरी आवडीने खाल्ला, मला बरं वाटलं.

आता भाऊबंद केलेच आहेत तर त्यांना नीट सांभाळा. ऊन लागू देऊ नका, ढीग कोरडा पडू देऊ नका. आणि पेरताना वावराच्या कडेला एक पट्टा तसाच ठेवा, खत नाही, बियाण्याला काही नाही. म्हणजे फरक कोणामुळे पडला ते दिसेल. नाहीतर तुम्ही उद्या म्हणाल, नारळामुळे पडला.

तुमची,
रुपा


(पोस्टकार्ड. वरचा कोपरा फाडलेला.)

कोरीट,
३ ऑक्टोबर २०२५

रा. रा. हेमकांत यांस,

कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या घरातील असंख्य मंडळी काल दसऱ्याच्या दिवशी वारल्याचे उघडकीस आले. ऊन लागल्याचे निमित्त झाले. दहावा येथेच होईल. सुतक आपणांसही आहे. यावे न यावे, हा आपला प्रश्न. कार्ड वाचून फाडून टाकावे.

भिला


कोरीट,
४ ऑक्टोबर २०२५

मन्ही रुपा,

(लिहिणारा योगेंद्र. आई बोलते तसंच्या तसं लिहितोय.)

पोरी, घरमा सुतक शे. घाबरू नको, माणसं बठा जित्ता शेतस. तुन्हा त्या खतमधला भाऊबंद मरी ग्यात.

योगेंद्रले पपईना रोपं ठेवाले सावली पाहिजे व्हती. त्यानी लिंबखालनं बठं खत उचलं आनि गोठाना पत्रावर वाळाले टाकी दिधं. (मला वाटलं, वाळलेलं खत उचलायला हलकं पडेल.) त्याले बठं माहीत व्हतं. (नव्हतं.) मी माहेरले गयेल व्हतू, तुन्हा काका म्हसावदना बजारले. चार दिन खत उन्हामा पडी ऱ्हायनं. दसराले तुन्हा काकानी देखं. मूठमा लिधं तं नुसती भुकटी. तठेच खाले बठी ग्यात. मी बोलनू, "खत करता कोनी रडस का?" त्या बोलनात, "खत नही वं. घरना रोट खायेल व्हता त्यासनी."

आते चुल्हावर फोडणी बंद. देवले दिवा बंद. हरभरानी पेरनी दारशी उनी शे, आनि हाऊ मानूस म्हनस, सुतकमा बियाले हात लावाना नही. डोकं भी करी टाकं. (आधी माझं भादरलं. मी गुन्हेगार म्हणून.)

मी त्यासले एकच इचारं. मी बोलनू, "रोट खादा म्हनीसन खतमधला जंतू भाऊबंद व्हतस. मंग सुभाषचंद शेठनी भी रोटच खादा व्हता. त्या कोन?" काल उठनात, दोन कार्डं लिधात, दोन्हीसना कोपरा फाडा आनि डाकमा टाकी उनात. एक तुन्हा बापले. दुसरं कोनले, सांगतस नही.

तू बापले फोन करी सांग, घाबरू नको म्हना. (आई, हे पत्र पोचेपर्यंत कार्ड पोचलेलं असेल. ताई, हेमकांतकाकांचा फोन आला तर काय सांगू, म्हणून मी माझा फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलाय.)

तुन्ही काकू,
बेबीबाई


कोरीट,
९ ऑक्टोबर २०२५

चि. रुपा,

मी कोरीटला आहे. बँकेत रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे न कळल्याने "घरगुती" एवढंच लिहिलं.

कार्ड हातात पडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. "असंख्य मंडळी." योगेंद्रचा फोन बंद. मला वाटलं, दसऱ्याची पंगत असेल, मंडप कोसळला असेल. मिळेल त्या गाडीत बसलो. साक्रीपर्यंत मी रडत होतो. शेजारच्या बाईने केळं दिलं, ते हातात धरूनच उतरलो.

दारात दादा. डोकं तुळतुळीत, टोपी मांडीवर. मी जाऊन त्याला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "दादा, कोन कोन?" त्याने पत्र्यावरच्या खताकडे बोट दाखवलं.

सात वर्षांनी भावाला भेटलो ते असा. मला इतका राग आला की मी तिथूनच परत फिरलो. तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली आणि तीतून सुभाषचंद उतरला. पांढरे कपडे, हातात कोपरा फाटलेलं कार्ड, आणि डोकं सफाचट. स्टँडवरच केस उतरवून आला होता. दुकान बंद करून आला होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, कोनी मरेल नही. खतमधला जंतू मरेल शेतस." तो खाली बसला. म्हणाला, "असंख्य?" मी म्हणालो, हो. "आपलाच हाततीन?" मी म्हणालो, योगेंद्रच्या. त्याने डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या जैन घरात पाऊल टाकतानाही खाली बघून टाकतात, हे मला तेव्हा आठवलं. मग तो दादाला म्हणाला, "भिलाभाऊ, मानूस मरस तं एक मरस. हाई तं मोठं दुःख शे."

सात वर्षांत दादाला इतकं बरोबर कोणी समजून घेतलं नसेल. तो म्हणाला, "शेठ, तुम्हाले सुतक शे का नही, माले समजेना. म्हनीसन कार्ड टाकं." सुभाषचंद म्हणाला, "कार्ड उनं म्हनजे शे." दादाने त्याला हाताला धरून ओट्यावर आपल्याशेजारी बसवलं. ज्या ओट्यावरून सात वर्षांपूर्वी त्याला उठवलं होतं, त्याच ओट्यावर.

मग दोघांनी मिळून माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी कलप लावतो हे तुला माहीत आहे. न्हाव्याला निरोप गेला. माघापर्यंत केस येतील, फोटोची काळजी करू नकोस.

दादा माझ्याशी अजून बोलत नाही. पत्र्यावरच्या ढिगाशी बोलतो. "त्याले इचारा, चहा लेस का." मी ढिगाला सांगतो, साखर कमी. असा आमचा संवाद चालू आहे. वहिनी म्हणतात, सात वर्षांत पहिल्यांदा घरात इतकी बोलणी होत आहेत.

पण मुद्दा वेगळाच आहे. दहावा झाला की दादा वावर पपईला देणार आहे. तू नवं पुडकं पाठवशील असं मी सुचवलं, ढिगामार्फतच. तो म्हणाला, "नव्यासनी कोठे रोट खायेल शे? परका मानूस वावरमा नको." म्हणजे तुझं लग्न, दादाची अट, सगळं या भुकटीत संपलं. मला वाटलं होतं मला याचं काही वाटणार नाही. वाटतंय. सोबत कागदात बांधून चिमूटभर भुकटी पाठवतो आहे. दादाला वाटलं, मी अस्थी नेतोय, म्हणून त्याने स्वतः बांधून दिली. बघ काही करता येतं का.

पप्पा


पुणे,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
सा. न.

बसून वाचा. तुमचे भाऊबंद जिवंत आहेत.

पप्पांनी पाठवलेली भुकटी मी काचेच्या ताटलीत, ओलाव्यात आणि उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीभर पांढरे ठिपके होते. सोबत फोटो आहे, कागदावर छापलेला, म्हणजे तुम्ही तो बघाल. एकेका ठिपक्यात लाखो आहेत. या जातीच्या जीवाणूंची तऱ्हाच अशी आहे. ऊन तापलं, पाणी आटलं की ते अंगाभोवती कडक कवच करतात आणि आत झोपून जातात. महिनोन्‌महिने झोपतात. ओल मिळाली की उठतात. काही गेले असतील, पण बहुतेक पत्र्यावर झोपले होते आणि तुम्ही खाली त्यांचा दहावा करत होता.

काकू नेहमी म्हणते ना, ज्याच्या मरणाची खोटी बातमी येते त्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे यांचं आयुष्य आता किती वाढलं असेल, तुम्हीच बघा.

खत खाली उतरवा, लिंबाखाली न्या, पाणी शिंपडा, गुळाचं पाणी द्या. पपईची रोपं योगेंद्रने दुसरीकडे हलवावीत. दिवाळी झाली की पेरा. बियाण्याला खताची भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा. रासायनिक औषध त्याच बियाण्याला लावू नका, नाहीतर खरंच सुतक येईल. आणि कडेचा पट्टा विसरू नका.

काका, परके कोणी नाहीत यात. सगळ्यांनी रोट खाल्लाय.

तुमची,
रुपा


कोरीट,
२५ जानेवारी २०२६

चि. रुपा,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. हरभऱ्याने काय ठरवलंय ते कळल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा मला आधी लाज वाटली. जिवंत माणसांचा दहावा केला, तोही त्यांच्या अंगाखाली उभा राहून. मी पत्र्यावर शिडी लावून चढलो आणि माफी मागितली. तुझ्या बापाने शिडी धरली होती. त्याची रजा संपली होती तरी तो थांबला. पेरणीला आम्ही तिघं होतो, मी, तुझा बाप आणि शेठ. तिघांची डोकी नुकती उगवायला लागलेली. पाभरीमागून आम्ही चाललो तर उखा बांधावरून ओरडला, "हरभरा पेरी ऱ्हायनात का डोकं?" त्याला यंदाही चहा मिळणार नाही.

शेठ पाऊल टाकताना मातीकडे बघत चालत होता. मी म्हणालो, शेठ, पाय टाका, ते आता खाली आहेत, त्यांना काही होत नाही. तरी तो बघतच चालला. तुझ्या बापाला मी म्हणालो, "तू सरळ धर, तिरपी जाई ऱ्हायनी पाभर." म्हणून झाल्यावर लक्षात आलं की हे मी ढिगाला नाही, त्यालाच म्हणालो. त्याच्याही लक्षात आलं. त्याने पाभर सरळ धरली.

आता हरभऱ्याचं. घाटे भरले आहेत. झाडं कमरेला हात लावून उभी आहेत. मी रोज सकाळी जाऊन बघतो आणि रोज वाटतं, आज पिवळं दिसणार. मधे एखाददुसरं झाड गेलं, नाही असं नाही. पण ओळीच्या ओळी मरायच्या, ते यंदा नाही. कडेचा पट्टा मात्र, ज्याला तू काही लावू दिलं नाहीस, तो फुलावर आला आणि कोलमडला. उभ्या उभ्या वाळून आडवा झाला. योगेंद्रने तो स्वतः पाहिला. आता तो मला विचारतो, हे भाऊबंद पपईला चालतील का. मी म्हणालो, त्यांना विचार. तू त्यांना उन्हात टाकलं होतंस.

या पट्ट्याने मला अडचणीत टाकलं. माझी अट होती, हरभरा उभा राहील तर. एक पट्टा पडला. मग हरभरा उभा राहिला असं म्हणायचं की नाही? तू म्हणशील, काका फिरवाफिरव करतात. मी दोन दिवस बांधावर बसलो. मग उलगडा झाला. त्या पट्ट्याला खत नव्हतं, म्हणजे त्याच्या पोटात रोट नव्हता. तो आपल्या घरचाच नाही. परक्याचा हरभरा पडला तर त्याला मी काय करू? आपल्या घरचा उभा आहे. मी येतो आहे.

तुझी काकू, योगेंद्र आणि मी लग्नाच्या चार दिवस आधीच नाशिकला येऊ. तुझ्या बापाला सांग, मी खोलीत झोपणार नाही, मांडवात झोपेन. शेठ आमच्याबरोबरच येतो आहे. पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांत त्याचं नाव घाला, माझ्या खाली, तुझ्या बापाच्या वर. वयाने मोठा आहे. वावरातली मूठभर माती फडक्यात बांधून आणणार आहे. तिचं नाव पत्रिकेत घालू नका, लोक हसतील, पण तिला पहिल्या रांगेत ठेवा.

आता राहिली एकच गोष्ट. तुझ्या पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस की लग्न झाल्यावर आपल्या घरचा रोट तुला चालणार नाही. तेव्हा मी त्याचं उत्तर दिलं नाही, कारण नियम बरोबर होता आणि तो मीच तुला लहानपणी सांगितला होता. तू पाटावर बसून विचारायचीस, मी मोठी झाले तर मग मी कोणाचा रोट खाऊ? मी म्हणायचो, तुझ्या सासरचा. तू रडायचीस आणि मी हसायचो.

सात वर्षं तुझ्या वाटणीचा रोट मी गिळला. डॉक्टरला सांगितलं गोडाने पोट दुखतं. गोडाने दुखत नव्हतं, रुपा. टोपलीत तुझा रोट दिसायचा आणि तू दिसायची नाहीस, म्हणून दुखायचं.

मागच्या श्रावणात मीच निकाल दिला आहे की जो रोट खातो तो भाऊबंद. चार जाणत्यांसमोर दिला आहे, नारळ फोडून दिला आहे, मागे घेता येत नाही. त्या निकालावर शेणखत या घरात आलं, शेठ आला, तुझा बापही परत आला. मग माझी पोरच काय ती परकी?

यंदा रोटाच्या पुरणाला डाळ आपल्याच वावराची आहे. जावयांनाही घेऊन ये. त्यांच्या सव्वा मुठीचं काय करायचं, ते मी तोवर ठरवतो. तुझ्या काकूने ती आत्ताच धरली आहे.

श्रावणात ये आणि तुझा रोट तू खा. मला आता होत नाही.

तुझा काका,
भिला